ना बाजूने, ना विरोधात

ओडेटने वीस प्रती तिसऱ्यांदा मोजल्या. पहिल्यांदा वीस भरल्या होत्या, दुसऱ्यांदा एकोणीस, आता पुन्हा वीस. विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायचं तर निवेदनाच्या वीस प्रती आणायच्या असा नियम होता, आणि नियमांच्या बाबतीत ओडेट पहिल्यापासून भित्री. एक प्रत कमी भरली म्हणून आपल्याला बोलूच दिलं नाही तर, या विचाराने तिला सकाळी कॉफीसुद्धा गेली नव्हती.

"आण इकडे ते कागद," तिची थोरली बहीण सिमोन म्हणाली. "तुझ्या हाताच्या घामाने शाई पसरली तर वीसच्या वीस परत छापाव्या लागतील."

"सेनेटरच्या ऑफिसात छापून देतात."

"देतातच. भाषण त्यांनीच लिहिलंय. आता तुझ्या वतीने कोणी रडायचं तेवढं ठरायचंय."

ओडेट हसली नाही. सिमोनने पिशवीतून काकवीचा डोनट काढून तिच्यापुढे धरला, तिने मान हलवली, तेव्हा सिमोनने तो स्वतःच खाल्ला. राजधानीच्या त्या जुन्या इमारतीत जानेवारी महिन्यात हीटर असे पेटवतात, की बर्फ तुडवत आलेल्या माणसाला पाच मिनिटांत कोट नकोसा होतो. दोघी बहिणी कोट मांडीवर घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. सेंट ओमरहून इथवर अडीच तासांचा रस्ता, आणि सगळा वेळ सिमोनच बोलत आली होती.

दाराशी टेबल टाकून बसलेल्या कारकून बाईने हाक मारली तशी ओडेट झटकन उठली.

"नाव, गाव?"

"ओडेट मिशो. सेंट ओमर."

"विधेयकाच्या बाजूने, विरोधात, की ना बाजूने ना विरोधात?"

"बाजूने," ओडेट म्हणाली.

"ही तिसरी रांग कोणासाठी असते?" सिमोनने मागून विचारलं. "नवऱ्यांसाठी?"

कारकून बाईला हे नवीन नसावं. "बाई, कधी कधी त्या रांगेत एकटंच माणूस असतं. पण रांग ठेवावी लागते. आमच्याकडे पद्धतच आहे तशी." तिने ओडेटच्या नावापुढे खूण केली आणि वीस प्रती न मोजताच एका खोक्यात टाकल्या. ओडेटला जरा वाईटच वाटलं.

विधेयक दीड पानाचं होतं. आमच्या राज्यात ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा सगळ्यात मोठा सरकारी वकील, लोक निवडत नाहीत आणि गव्हर्नरही नेमत नाही. दर दोन वर्षांनी डिसेंबरात सगळे आमदार एकत्र बसून चिठ्ठ्या टाकतात. कोणाची चिठ्ठी कोणाला गेली ते कोणाला कळत नाही. बाकीच्या बहुतेक राज्यांत तो लोकांच्या मतांवर निवडून येतो, आणि आपल्याकडेही तसंच व्हावं असं सेनेटर हॅस्केल यांचं विधेयक म्हणत होतं. एरवी ओडेटला याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण आमच्याकडे चोरी-मारामारीचे खटले जिल्ह्याचा वकील चालवतो, आणि कोणाच्या हातून माणूस मेला की मात्र फाइल तडक राजधानीत, ॲटर्नी जनरलच्या टेबलावर जाते. तिच्या मुलाची फाइल तिथे चौदा महिने पडून होती.

ल्युसियन एकोणतीस वर्षांचा होता. नोव्हेंबरात दोन-तीन वेळा कडक हिमाचा मारा झाला की लोक फरच्या झाडांचे शेंडे तोडायला रानात जातात. त्याची ख्रिसमसला दारावर टांगायची हिरवी, गोल कडी करतात. तोही दरवर्षी जायचा. तोच हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, म्हणून त्याने नारिंगी जाकीट घातलं होतं. तो वाकून शेंडे गोळा करत असताना वॉरन पिंकहॅमने त्याला गोळी घातली. वॉरनला ते हरीण वाटलं.

वॉरन म्हणजे काही परका माणूस नव्हे. गावच्या शाळेची बस तो चालवायचा आणि शाळेचं जेवण ओडेट बनवायची. वीस वर्षं रोज सकाळी मुलांना उतरवल्यावर तो स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी यायचा, आणि ती त्याला कपभर कॉफी द्यायची. गावच्या अग्निशमन पथकाचा प्रमुखही तोच. पुराच्या वर्षी सिमोनला खिडकीतून होडीत त्यानेच उतरवलं होतं. ल्युसियनला रानातून रस्त्यापर्यंत त्यानेच खांद्यावर आणलं. त्यानंतर तो मागच्या दाराशी कधी आला नाही. वकिलाने त्याला तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिली होती, असं गावात म्हणत.

प्रश्न होता तो उजेडाचा. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडायला परवानगी असते. त्या दिवशी ती मुदत चार चौतीसला संपत होती. ओडेटने घरातून गोळीचा आवाज ऐकला, स्टोव्हवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि शिकार खात्याच्या अधिकाऱ्याला चार चाळीस अशी वेळ सांगितली. त्याने विचारलं, घड्याळ बरोबर आहे का? ओडेट खोटं बोलणारी नव्हती. शाळेत उशीर होऊ नये म्हणून ती ते घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायची. मग तुम्ही दहा मिनिटं वजा करून सांगताय की न करता? अधिकाऱ्याने विचारलं. ओडेटला ते सांगता आलं नाही. आजही येत नव्हतं. बाहेर अंधार होता, हे तिने सांगितलं. पण तिच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता, आणि घरात दिवा असला की बाहेर अंधारच दिसतो. वॉरनबरोबर शिकारीला गेलेला रसेल डोर शपथेवर सांगत होता की चांगला उजेड होता. रानात फोनला रेंज नव्हती. रसेल टेकडी उतरून रस्त्यावर आला तेव्हा कुठे त्याने मदत मागवली, त्यामुळे नोंद होती ती पाच वाजून दोन मिनिटांची.

कालच दुपारी ॲटर्नी जनरलच्या ऑफिसातून मिस केंडलचा फोन आला होता. ल्युसियनची फाइल तिच्याकडे होती.

"या आठवड्यात नाहीतर पुढच्या आठवड्यात निर्णय होईल, मिसेस मिशो."

"मी उद्या समितीपुढे बोलणार आहे," ओडेट म्हणाली होती. "तुमच्या साहेबांविरुद्ध म्हणून नाही. पण बोलणार आहे. त्याने काही फरक पडेल का?"

"नाही. आमच्याकडे तसं चालत नाही."

पण 'नाही' म्हणण्याआधी ती जरा थांबली होती. त्या थांबण्याने ओडेटची रात्रीची झोप उडवली. बोलावं तर मिस केंडल रागावेल, न बोलावं तर सेनेटर. आणि दोघंही रागावले नाहीत तरी परत गावातच जायचं होतं.

"काय कमी पडतंय तुम्हाला?" तिने फोन ठेवण्याआधी विचारलं होतं.

"उजेड," मिस केंडल म्हणाली. "होता की नव्हता ते सिद्ध करता येत नाही."

सेनेटर हॅस्केल व्हरांड्याच्या टोकाकडून आले आणि त्यांनी ओडेटचा हात दोन्ही हातांत घेतला. माणूस मोठा गोड. बापाचा लाकडाचा धंदा होता, त्यामुळे बोलणं अजून आपल्यातलं वाटायचं.

"घाबरायचं नाही, मिसेस मिशो. तीन मिनिटं. कागदावरचं वाचायचं, बस्स. तुम्हाला मत न मागताच जो खुर्चीवर बसलाय, त्याच्या दारात तुम्ही चौदा महिने उभ्या आहात. हे लोकांना कळू द्या."

"निवडून आलेला असता तर त्याने काय वेगळं केलं असतं?" सिमोनने विचारलं.

"तुमचा फोन घेतला असता."

"फोन घेतात हो ते. फोनवर काही बोलत नाहीत, एवढंच."

सेनेटर मनापासून हसले आणि त्यांनी दार उघडून धरलं.

आत शिरताच ओडेट थबकली. मागच्या तीन रांगा सेंट ओमरच्या माणसांनी भरल्या होत्या. पोस्टातली बाई, किराणा दुकानाचे दोघे भाऊ, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा म्हातारा, पथकातले सगळेच्या सगळे. नारिंगी टोप्या काढून त्यांनी गुडघ्यांवर ठेवल्या होत्या. मंगळवारचं काम बुडवून अडीच तास गाडी चालवून ही माणसं आली होती. आपल्यासाठी आली, असं वाटून ओडेटचा ऊर भरून आला. तिने हात वर केला. पोस्टातल्या बाईनेही हात वर केला, पण अर्धाच, आणि लगेच शेजारणीच्या कानाला लागली.

"बस गं," सिमोनने तिला पुढच्या बाकावर ओढलं. "मागे बघू नकोस."

"का?"

"बघू नकोस म्हटलं ना."

समितीची तेरा माणसं अर्धगोल टेबलामागे बसली होती. अध्यक्षबाईंनी हातोडी आपटली. आधी बाजूने बोलणारे, मग विरोधातले, मग ना बाजूचे ना विरोधातले. तीन मिनिटांवर कोणालाही एक अक्षर बोलू देणार नाही, असं त्यांनी बजावलं. सेनेटर हॅस्केल यांनी विधेयक मांडलं, आणि चांगलं मांडलं. बंद चिठ्ठीने निवडलेला माणूस कोणाचा? ज्याने चिठ्ठी टाकली तोही कबूल करत नाही, मग हा उत्तर देणार कोणाला? ऐकताना ओडेटची मान आपोआप हलत होती. हे सगळं तिच्या मनातलंच होतं.

"पहिले वक्ते, रसेल डोर," अध्यक्षबाई म्हणाल्या.

रसेल मागून चालत आला आणि ओडेटकडे न बघता माइकसमोर बसला. त्याने चष्मा लावला, खिशातून कागद काढला. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात सेनेटरच्या ऑफिसचं ते पाइनच्या झाडाचं छोटं चित्र होतं, तिच्या प्रतींवर होतं तसंच.

"माझं नाव रसेल डोर, राहणार सेंट ओमर," तो वाचू लागला. "मी इथे अशा एका व्यक्तीसाठी आलो आहे, जी चौदा महिने न्यायाची वाट पाहत आहे, आणि जिचा निर्णय अशा माणसाच्या हातात आहे ज्याला आपण कधी मत दिलेलं नाही."

ओडेटने आपल्या मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. मी इथे अशा एका व्यक्तीसाठी आले आहे, जी चौदा महिने न्यायाची वाट पाहत आहे. अक्षरन् अक्षर तेच.

"ती व्यक्ती म्हणजे वॉरन पिंकहॅम," रसेलने वाचलं. "एका अपघातापायी या भल्या माणसाच्या मानेवर चौदा महिने तलवार टांगलेली आहे. त्याला ओळखणाऱ्या लोकांना विचारलं असतं, तर हे प्रकरण एका आठवड्यात मिटलं असतं."

मागच्या तीन रांगांतून हुंकार उठला. अध्यक्षबाईंनी हातोडीला हात लावला, तसा तो थांबला.

"हे आधीपासून माहीत होतं तुला?" ओडेटने हळू आवाजात विचारलं.

"पार्किंगमध्ये पथकाचे ट्रक बघितले तेव्हा कळलं," सिमोन म्हणाली. "मला वाटलं, निदान बोलणं तरी वेगळं असेल. मों द्यू, देवा रे, त्या सेनेटरने शाईसुद्धा बदलली नाही."

 भीतीची ओडेटला सवय होती. मुलगा गेल्यापासून ती फोनला भ्यायची, टपालाला भ्यायची, शाळेच्या बसच्या हॉर्नला भ्यायची. पण गेले कित्येक महिने रोज रात्री डोळे मिटताना तिने एका गोष्टीचा आधार धरला होता: लोकांना कळलं तर लोक माझ्या बाजूने उभे राहतील. आणि लोक तर इथेच होते. त्यांना सगळं कळलेलं होतं. ल्युसियनच्या दफनाला त्या तीन रांगांतला एकूण एक माणूस आला होता, आणि आठवडाभर तिच्या दारात कोणाच्या ना कोणाच्या घरचं जेवण येत होतं. ते खोटं नव्हतं. हेही खोटं नव्हतं.

"पुढच्या वक्त्या, ओडेट मिशो."

ती उभी राहिली, पण जागची हलली नाही.

"मला दुसऱ्या रांगेत घ्या," ती म्हणाली.

"तुम्ही विधेयकाच्या विरोधात आहात?"

"नाही. तिसऱ्या."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग कारकून बाईकडे. कारकून बाईने कागदावर काहीतरी खोडलं. "ठीक आहे. तुमची पाळी शेवटी येईल."

सेनेटर हॅस्केल समितीच्या टेबलाला वळसा घालून तिच्या बाकाशी आले आणि वाकले.

"मिसेस मिशो, काय झालं?"

"तुम्ही आम्हा दोघांना एकच वाक्य दिलंत."

सेनेटरच्या चेहऱ्यावर लाज उमटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. "कारण ते तुम्हा दोघांच्याही बाबतीत खरं आहे," ते शांतपणे म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.  वाक्य खरं होतं, हीच तर पंचाईत होती.

बाजूने बोलणारे आणखी सहा जण झाले. मग विरोधातल्यांना बोलावलं, आणि मिस केंडल उठली. फोनवर तिचा आवाज चाळिशीतल्या बाईचा वाटायचा. प्रत्यक्षात तिशीचीही नसेल. ॲटर्नी जनरलच्या ऑफिसच्या वतीने ती विरोध नोंदवायला आली होती.

"आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये एक मेलेला माणूस असतो," ती म्हणाली. "आणि बहुतेक वेळा एक जिवंत माणूस, ज्याला गावात कोणी ना कोणी ओळखतं. कोणाला जास्त माणसं ओळखतात, हे बघून आम्ही ठरवायचं का, हा माझा प्रश्न आहे."

"तुमच्या साहेबांना कोणी निवडलं?" सेनेटर हॅस्केल यांनी विचारलं.

"तुम्ही, सेनेटर. चिठ्ठीने."

"मी त्यांना चिठ्ठी टाकलेली नाही."

"ते आम्हाला कळायची सोय नाही," मिस केंडल म्हणाली. "आणि नाही तेच बरं आहे."

खोलीत हशा पिकला. सेनेटरही हसले. ओडेटला मात्र हसू आलं नाही. ही मुलगी बरोबर बोलत होती, आणि हीच मुलगी चौदा महिने 'लवकरच' म्हणत होती. जागेवर परतताना मिस केंडलने ओडेटकडे पाहायचं टाळलं. का टाळलं असेल? निर्णय झालाय की काय? ओडेटने तळहात कोटाला पुसले.

"ना बाजूने, ना विरोधात. ओडेट मिशो."

माइकसमोरची खुर्ची तिला वाटली होती त्यापेक्षा ठेंगणी निघाली. टेबल तिच्या छातीपर्यंत आलं.

"माझं नाव ओडेट मिशो. मी सेंट ओमरच्या शाळेत जेवण बनवते. तुमच्याकडे माझे वीस कागद आहेत, ते वाचू नका. ते माझे नाहीत."  तेरा माणसं वाट बघत होती. "लोकांनी निवडावा असं सेनेटर म्हणतात. मलाही सकाळपर्यंत तसंच वाटत होतं. पण आमच्या गावात आठशे मतं आहेत. त्यातली बरीचशी आज इथेच आलीयेत. त्यातल्या निम्म्यांना मी शाळेत जेवू घातलंय. माणसं वाईट नाहीत हो ती. ती वॉरनला मत देतील. मीसुद्धा दिलं असतं, तो कशालाही उभा राहिला असता तरी. आधी."

 सिमोन बाकावर पुढे सरकून बसली होती.

"आणि तुम्ही चिठ्ठ्या टाकून जो निवडता, त्याच्याकडे माझं एकही मत नाही, म्हणून तो माझं ऐकत नाही असं मला वाटायचं. आता वाटतं की तो बिचारा ऐकत असेल. पण ऐकून करणार काय? मी त्याला काय सांगते? माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. माझ्या घरात दिवा होता." तिने नाक पुसलं. "तुम्ही कसाही निवडा. मत देऊन नाहीतर चिठ्ठी टाकून. मला एवढंच कळायला हवंय की तेव्हा उजेड होता की नव्हता. मतदान घेऊन ते कळणार नाही. ज्याने पाहिलं त्यालाच ते माहीत. त्याला कोणी विचारलेलंच नाही. वकील म्हणाला बोलू नको, आणि तो बोलला नाही. वीस वर्षं मी त्याला कॉफी दिली. तो साखर दोन चमचे घेतो ते मला माहीत आहे. आणि हे माहीत नाही."

तीन मिनिटं झाली की नाहीत कोण जाणे. अध्यक्षबाईंनी काही केलं नाही. एका आमदाराने घसा खाकरला.

"मिसेस मिशो, मग या विधेयकाचं आम्ही काय करावं असं तुमचं म्हणणं आहे?"

"ते तुमचं काम आहे," ओडेट म्हणाली. "शाळेत जेवण काय करायचं ते मी तुम्हाला विचारते का?"

कोणीतरी हसलं, पण हसू पसरलं नाही. ती उठून बाकावर येऊन बसली. सिमोनने तिचा हात धरला आणि या खेपेला चेष्टा केली नाही.  आपण सगळंच बिघडवून ठेवलं, असं तिला वाटत होतं. सेनेटर गेले, गाव गेलं, मिस केंडल गेली. उद्या सकाळी शाळेत याच लोकांच्या पोरांना वाढायचं होतं.

"या रांगेत आणखी कोणाला बोलायचंय का?" अध्यक्षबाईंनी पद्धतीप्रमाणे विचारलं, आणि हातोडी उचलली.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग रसेलचा दबका आवाज आला, "वॉरन, खाली बस. अरे, काय करतोयस? खाली बस."

वॉरन पिंकहॅम दाराजवळच्या भिंतीकडेला बसला होता. गावच्या माणसांत तो बसलाच नव्हता, म्हणून तो ओडेटला दिसला नव्हता. तो मधल्या वाटेने पुढे आला. वजन बरंच उतरलं होतं. पथकाचं जाकीट खांद्यावरून घसरत होतं. तो खुर्चीत बसला आणि हात कुठे ठेवावे ते न कळून त्याने ते मांडीखाली घेतले.

"नाव सांगा."

"वॉरन पिंकहॅम. सेंट ओमर."

 मिस केंडल अर्धवट उठली आणि परत बसली. अध्यक्षबाईंनी हातोडी खाली ठेवली.

"मिस्टर पिंकहॅम, इथे बोललेलं सगळं ध्वनिमुद्रित होतं. तुमचे वकील आलेत का?"

"नाही. मी इथे आलोय ते त्यांना माहीत नाही."

"तुमच्यावर बोलायची सक्ती नाही."

"माहीत आहे, मॅडम." त्याने ओडेटकडे पाहिलं नाही. समोरच्या तेरा माणसांकडेही नाही. टेबलाच्या कडेकडे बघत तो बोलला. "मला त्या विधेयकातलं काही कळत नाही. गावच्या लोकांना वाटलं, मी आज यावं. ते माझ्यासाठी इतकं करतात, म्हणून आलो." तो थांबला. "गोळी झाडायच्या आधी मी घड्याळ बघितलं होतं. मुदत संपली का ते बघायला."

मागे कोणीतरी त्याचं नाव घेतलं. तो पुढे बोलला, पण पुटपुटल्यासारखं. अर्धे शब्द त्याच्या छातीतच राहिले.

ओडेट पहिल्या बाकावर होती. तिला ऐकू आलं. चौदा महिने ती ज्या शब्दांसाठी झुरत होती, ते हे होते. ते ऐकून सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटायचं. पण तिला भीती वाटली, आणि ती भीती त्याच्यासाठी होती. तो त्या ठेंगण्या खुर्चीत एकटा बसला होता, आणि त्याला थांबवणारं कोणी नव्हतं.

"माफ करा," कारकून बाई म्हणाली. हेडफोन कानाशी दाबून ती यंत्राकडे बघत होती. "शेवटचं वाक्य ध्वनिमुद्रित झालं नाही. माइक जवळ घेऊन पुन्हा सांगाल का?"

ते वाक्य अजून कुठेच उतरलेलं नव्हतं. वॉरनने मान वर केली, आणि आल्यापासून पहिल्यांदाच ओडेटकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही. मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नको म्हणूनही नाही.

त्याने मांडीखालून हात काढले आणि माइक तोंडाशी ओढला.

"काटे दिसत नव्हते," तो म्हणाला, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल इतक्या स्पष्ट आवाजात. "टॉर्च लावून बघावं लागलं."